काचेतले पाहुणे

दिवाळीच्या एक्सचेंजमध्ये दुर्गेशने घरातला डब्बा टीव्ही देऊन टाकला आणि नवा भिंतीवर लावून घेतला, तेव्हा शालिकराम घरी नव्हते. ते भिवापूरला साडूच्या तेरवीला गेले होते. परतले तर बैठकीच्या कोपऱ्यातलं टेबल रिकामं, आणि समोरच्या भिंतीवर काळ्या काचेची भलीमोठी पाटी. चपला न काढताच ते पाटीच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि तिची जाडी पाहू लागले. करंगळीएवढीही नव्हती.

"कसा वाटला, बाबा?" दुर्गेशने विचारलं.

"चित्र कोठून येते गा याच्यात? मागे तं जागाच नाही."

"जागा कशाला पाहिजे? एकेक ठिपका आपल्या आपणच पेटतो."

"अन् बिघडला तं?"

"पॅनल बदलायचं. पण पॅनलच्या भावात नवा टीव्ही येतो, म्हणून मग नवाच घ्यायचा."

"म्हणजे मेकॅनिक फक्त 'गेला' म्हणून सांगाले येईन," शालिकराम म्हणाले. "डॉक्टरवानी."

दुर्गेश हसला. तो नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत कामाला होता. मुलगा मनाचा चांगला. आईला हल्ली कमी दिसतं, म्हणून त्याने मुद्दाम मोठा टीव्ही आणला होता. शालिकरामांना हे कळत होतं. ते चपला काढायला दाराकडे वळले.

त्यांचं सारं आयुष्य टीव्हीच्या पोटात हात घालण्यात गेलं होतं. लकडगंजात, लाकूड कापायच्या आरामशिनींच्या ओळीत, त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. सुरुवातीला लाकडी पेटीतले काळे-पांढरे टीव्ही यायचे, कपाटासारख्या सरकत्या दाराचे. बटण दाबलं की चित्र यायला वेळ लागायचा, तोवर घरदार गप्प बसून काचेकडे पाहायचं. मग रंगीत आले. त्यांचं पोट मोठं, वजन असं की दोघांनी धरावं लागे. पुढे काच सपाट झाली, पण मागचं पोट तसंच राहिलं. मग एक दिवस पोटच गेलं. आधी पाठीमागे दिव्यांच्या पट्ट्या असलेले पातळ टीव्ही आले, तेव्हा निदान पट्ट्या तरी बदलता येत. आता दिवेही गेले. ज्या दुकानात टीव्ही एकावर एक रचलेले असत, तिथे आज मोबाईलची कव्हरं लटकतात. याचं दुःख शालिकरामांनी करून झालं होतं. काळ कोणासाठी थांबला आहे, असं म्हणून त्यांनी शटर ओढलं होतं.

नव्या टीव्हीने घरात जे केलं, ते मात्र वेगळंच होतं.

त्यांची बायको जिजाबाई गेल्या काही वर्षांपासून विसरत चालली होती. आधी गॅस विसरली, मग नातेवाइकांची नावं, मग आज कोणता वार. पण जेवणाची तिची एक घडी बसली होती. ताट मांडीवर घ्यायचं, डब्बा टीव्हीसमोर बसायचं, आणि मालिकेतल्या बायांना शिव्या देत देत जेवायचं. "हिले काही कामधंदा नाही, दिवसभर नटून बसते," असं म्हणत ती भाकर मोडायची. ही माणसं खोक्यातली आहेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकी जग पुसट झालं तरी तेवढं राहिलं होतं.

नव्या टीव्हीवर पहिल्याच संध्याकाळी बातम्या देणारा माणूस आला. माणसाएवढंच तोंड, कपाळावरचा घाम दिसेल इतकं स्वच्छ. जिजाबाईने झटकन डोक्यावर पदर घेतला आणि उठून उभी राहिली.

सारे हसले. शालिकरामही हसले.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रेमध्ये चहाचे कप भरून टीव्हीखाली नेऊन ठेवले. सून रीनाने मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढला, आणि मग स्वतःच पुसून टाकला. "मामाजी, आत्याबाई हसण्यावारी नाही करून राहिल्या," ती सासऱ्यांना हळूच म्हणाली.

आणि मग जिजाबाईने जेवण सोडलं. ताट समोर आलं की बाजूला सारायची. रीना घास घेऊन तोंडाशी गेली तर लाजल्यासारखी तोंड फिरवायची. लपूनछपून एखादं बिस्कीट, अर्धा कप दूध, एवढ्यावर ती राहू लागली. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी तपासलं, वजन केलं, आणि बाहेर येऊन बापलेकाला सांगितलं, "असंच चाललं तर नाकातून नळी घालून पोटात अन्न द्यावं लागेल. या आजारातले पेशंट नळी ओढून काढतात, त्यामुळे हात बांधून ठेवावे लागतात. मनाची तयारी ठेवा."

हात बांधावे लागतात, हे वाक्य शालिकरामांच्या कानात जाऊन बसलं. घरी येईपर्यंत ऑटोत ते जिजाबाईचा हात हातात धरून होते. तिला ते नवल वाटलं. "काहून धरला?" तिने विचारलं. "लोक पाहून राहिले नं."

कारण कळलं ते एका दुपारी. टीव्हीवर कसलीशी चर्चा चालली होती, चार-पाच माणसं एकमेकांवर ओरडत होती. जिजाबाईच्या पुढ्यात वरणभात थंड होत होता. शालिकराम तिच्याजवळ बसले.

"जेव नं वं, जिजा. भूक नाही का?"

तिने टीव्हीकडे चोरून पाहिलं आणि त्यांच्या कानाशी लागली. "भूक तं हाय. पण पाव्हणे बसले हायेत अजून. त्याईच्या आधी मी कशी जेवू?"

शालिकरामांना आईचं घर आठवलं. भिवापूरला मिरचीच्या दिवसांत व्यापारी यायचे, पंगती उठायच्या. पाहुणा जेवून, हात धुऊन, फाटकाबाहेर पडला, की मग घरातल्या बाया ताटं घेत. नवी सून म्हणून आलेली जिजाबाई कितीदा तरी दिवस कलेपर्यंत उपाशीच राहिली होती. आई म्हणायची तसं ती करायची, आणि पुढे कोणी म्हणायला उरलं नाही तरी करत राहिली. बाकी सगळं विसरली, हे विसरली नव्हती. आणि हे नवे पाहुणे ना जेवत होते, ना उठत होते.

"बंदच करून टाकू," दुर्गेश म्हणाला आणि टीव्ही बंद केला. काळ्या काचेत बैठक दिसू लागली, आणि बैठकीत डोक्यावर पदर घेतलेली एक हडकुळी म्हातारी. "ते बाई कोण हाय?" जिजाबाई कळवळली. "सकाळपासून उपाशी बसली हाय बिचारी. तिले वाढा कोणीतरी."

मग टीव्ही काढून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. तर जिजाबाई फाटक उघडून निघून गेली. घराजवळ, हिवरीनगरच्या चौकात ऑटोवाल्यांना विचारत होती, आमच्या घरून पाव्हणे गेले ते कोण्या बाजूनं गेले. घरी आणली तेव्हा रडत होती. "उपाशी गेले बाप्पा आपल्या दारातून. काय म्हणतीन लोक?" रीनाने मोबाईलवर मालिका लावून दिली, तर तिने तो कानाला लावला आणि "हॅलो" म्हणाली.

"डब्बाच आणावा लागते," शालिकराम म्हणाले.

"बाबा, आता कुठे मिळणार डब्बा?"

"पाहतो नं मी. चाळीस वर्षं काय गोट्या खेळलो का?"

ते भंगारच्या गल्ल्या फिरले. टीव्हीची खोकी होती, पण साऱ्यांच्या पिक्चर ट्यूबची मान मोडलेली. भंगारवाले मानेभोवतीचं तांबं काढून घेतात आणि काच फेकून देतात. शालिकराम एकेक खोकं पालथं करून पाहत आणि परत ठेवत. एका भंगारवाल्याने विचारलं, "क्या ढूंढ रहे, चाचा? सोना रख दिया था क्या अंदर?" त्यांनी पुढचं खोकं पालथं केलं.

शेवटी लकडगंजातच मिळाला. जुने गिऱ्हाईक मनोहरराव, लाकडाचे व्यापारी, त्यांच्या गोदामात चौकीदाराने एका रंगीत डब्ब्याचं स्टूल केलं होतं आणि त्यावर पाण्याचा माठ ठेवला होता.

"हा का?" मनोहरराव म्हणाले. "शालिकराम, याले तं तूच बसवला होता माझ्या पोरीच्या लग्नात. घेऊन जा बाबा, जागा मोकळी होईन. माठ मात्र ठेवून जा."

घरी आणून त्यांनी मागचं झाकण उघडलं. बोटभर भुसा निघाला. ब्रशने झाडलं, दोन-तीन सुटे भाग बदलले, केबलच्या बॉक्समागच्या जुन्या भोकांत वायरी जोडल्या. आवाज आला. चित्र मात्र असं, जणू कोणी धुरातून पाहतंय. ट्यूब म्हातारी झाली होती.

यावर त्यांच्या धंद्यात एक उपाय होता. रंगीत ट्यूबच्या मानेत तीन गन असतात, लाल, हिरवी आणि निळी. त्या थकल्या की मेकॅनिक त्यांना क्षणभर जास्त करंटचा झटका देतो. वर बसलेली राख जळते आणि गन पुन्हा उजेड फेकू लागते. याला बूस्ट मारणं म्हणत. पण प्रत्येक झटका ट्यूबचं उरलेलं आयुष्य खातो. शालिकरामांनी माळ्यावरून आपली घरी बनवलेली बूस्टची पेटी काढली, आणि देवाचं नाव घेऊन तिन्ही गनना हलकाच झटका दिला. हिरवी आणि निळी जागी झाली. लाल जेमतेम.

संध्याकाळी जिजाबाई समोर येऊन बसली. काचेत दोन बाया भांडत होत्या, वीतभर तोंडाच्या, हिरवट. ती पाहत राहिली.

"हे पाह्य," ती म्हणाली, "आली सटवी. दुसऱ्याच्या घरात आग लावाले." आणि तिने भाकर मोडली.

रीना स्वयंपाकघरात जाऊन रडली. दुर्गेशने बापाच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. असं करायची त्या घरात सवय नव्हती.

त्यानंतरचे काही आठवडे बरे गेले. थंडी पडली होती. जिजाबाई दोन्ही वेळा जेवायची, वर भिवापुरी तिखटाचा ठेचा मागायची. डॉक्टर म्हणाले, आता नळीची घाई नाही. शालिकरामांनी एवढ्यावर हात आवरायला हवा होता.

पण आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाची एक खोड असते. तो चित्र पाहत नाही, चित्राचा रंग पाहतो. दुकानात टीव्ही दुरुस्त झाला की शालिकराम पडद्यावर माणसाचं तोंड येईपर्यंत थांबत. तोंडाचा रंग बरोबर, तर सगळं बरोबर. आणि या डब्ब्यातली सगळी माणसं रक्त आटल्यासारखी हिरवट दिसत होती. रोज समोर बसून त्यांना ते टोचायचं.

"राहू द्या ना, बाबा," दुर्गेश म्हणायचा. "आई जेवून राहिली ना? झालं."

"तू तोंड पाह्य नं गा त्याचं. मेल्यावानी दिसते."

तरी त्यांनी हात लावला नसता. पण एका दुपारी मालिकेत लग्न होतं. नवरीचा शालू लाल होता, आणि लाल गन थकलेली, म्हणून काचेत तो काळाठिक्कर दिसत होता. जिजाबाईचा घास हातातच राहिला.

"नवरीले काळं लुगडं काहून नेसवलं?" तिने विचारलं. "कोण मेलं हिचं?"

"कोणी नाही मेलं. लालच हाय ते."

"मले आंधळी समजता का?" ती म्हणाली, आणि ताट तसंच ठेवून उठली. रात्री जेवली, पण ती नवरी तिच्या मनातून गेली नव्हती. झोपेपर्यंत विचारत होती, तिचं कोण मेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिजाबाई आंघोळीला गेल्यावर शालिकरामांनी झाकण उघडलं आणि फक्त लाल गनला झटका दिला. थोडा रंग आला. एवढा पुरे होता. पण त्यांना नवरीचा शालू डोळ्यांपुढे दिसत होता, कुंकवासारखा लाल. थोडं अजून, असं म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबून धरलं.

चित्र सुरेख आलं. माणसांची तोंडं माणसांसारखी झाली. त्यांनी समाधानाने झाकण लावलं.

दुपारी जिजाबाई ताट घेऊन बसली, आणि तिने पहिला घास घ्यायच्या आत काच आतून लालभडक झाली. माणसं गेली, घर गेलं, नुसता लाल उजेड आणि त्यावर आडव्या रेघा. जास्तीच्या झटक्याने गन आतल्या आत चिकटली होती. शालिकराम वायर ओढायला धावले, पण जिजाबाई आधी पोचली.

"पेटलं!" ती ओरडली. "घर पेटलं वं माय!" आणि तिने ताटाजवळच्या तांब्यातलं पाणी टीव्हीवर फेकलं.

पाणी झाकणाच्या फटींतून आत गेलं आणि ट्यूबच्या तापलेल्या मानेला तडा गेला. ट्यूबमध्ये हवा शिरतानाचा बारीक सूं आवाज आला आणि सगळं काळं झालं. पाणी ओतून चूल विझवावी, तसा वास सुटला. शालिकराम हातात वायर घेऊन जमिनीवर बसले. या ट्यूबचं आता कोणीही काही करू शकत नव्हतं.

जिजाबाईने त्या दिवसापासून पुन्हा अन्नाला हात लावला नाही. आता तर ती दूधही घेईना. दारात बसून राहायची, उपाशी गेलेल्या पाहुण्यांची वाट पाहत. शालिकराम रोज सकाळी निघायचे, नागपूर पालथं घालायचे, कामठीपर्यंत जाऊन आले. डब्बा मिळाला नाही. शेवटी दुर्गेश म्हणाला, "बाबा, उद्या दवाखान्यात नेऊ. आता थांबणं बरोबर नाही."

"हात बांधतीन तिचे."

"मला काय आवडते का, बाबा?" दुर्गेशचा आवाज चढला आणि मग बसला. "उपाशी मरू द्यायचं का आईला?"

शालिकराम पुन्हा एकदा बाहेर पडले. जरीपटक्याला एकाकडे टीव्ही आहे असं कोणी सांगितलं होतं. तिथे गेले तर तो महिन्यामागे भंगारात गेला होता. पायपीट करून दुपारी परतले. डोक्याला रुमाल बांधलेला, तोंड धुळीने भरलेलं, हातात रिकामी थैली. फाटक उघडून ते दारात उभे राहिले.

जिजाबाईने मान वर करून पाहिलं आणि लगबगीने डोक्यावर पदर घेतला.

"या, पाव्हणे," ती म्हणाली. "लई वाट पाह्यली. बसा."

शालिकरामांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारात रीना उभी होती. तिने तोंडावर हात धरला. शालिकरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. जिजाबाई हसत होती, पण कोणा परक्याकडे हसावं तशी, डोळे खाली घालून.

"पाय धुवा," ती म्हणाली. "रीना, ताट आण वं."

ते पाय धुऊन बसले. रीनाने ताट आणलं. जिजाबाईने आपल्या हाताने वाढलं, वरण, भात, वांग्याची भाजी. थेंबही सांडला नाही. शालिकरामांनी पहिला घास घेतला.

"लाजू नका, पोटभर जेवा. तिखट भिवापूरचं हाय. तुमचं गाव कोणतं?"

"भिवापूरच," शालिकराम म्हणाले.

"अगं माय! मग तुम्ही आमच्या घरच्याईले ओळखत असान. दुर्गेशच्या बाबाले. टीव्ही दुरुस्त करतेत, लकडगंजात."

"ओळखतो."

"सकाळपासून पत्ता नाही पाहा त्याईचा. कोणाचा टीव्ही घेऊन बसले कोणास ठाऊक. जेवाचंही सुधरत नाही त्याईले."

"येतीन," शालिकराम म्हणाले. "येतीन ते."

त्यांनी ताट स्वच्छ केलं. हात धुतले. जिजाबाई त्यांच्याकडे पाहत अवघडून उभी राहिली, आणि त्यांना समजलं की पाहुणा अजून उठलेला नाही. ते चपला घालून बाहेर पडले. फाटक लावलं आणि शेजारच्या भिंतीआड जाऊन थांबले. खिडकीच्या जाळीतून बैठक दिसत होती. जिजाबाईने रीनाकडून ताट घेतलं, मांडी घातली, आणि घाईघाईने मोठमोठे घास घेऊ लागली. फार दिवसांची भूक होती ती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं राहिलं.

तेव्हापासून हिवरीनगरच्या त्या घरात हाच शिरस्ता आहे. दोन्ही वेळा स्वयंपाक झाला की रीना खूण करते. शालिकराम मागच्या दाराने बाहेर पडतात, डोक्याला रुमाल बांधतात, फाटकातून आत येतात. जेवतात. उठून जातात. मधल्या वेळात ते घरात वावरतात, तेव्हा जिजाबाई कधी त्यांच्याकडे पाहून हसते, कधी कोण म्हणून विचारते, कधी काहीच विचारत नाही. एकदा जेवता जेवता त्यांना राहवलं नाही. "जिजा, मीच आहो वं," ते म्हणाले. तिने वाढायची वाटी खाली ठेवली, आत गेली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. पुन्हा त्यांनी तसं केलं नाही.

"किती दिवस असं, बाबा?" दुर्गेश विचारतो.

"जेवते नं ते," शालिकराम म्हणतात.

परवा ती त्यांना पोचवायला फाटकापर्यंत आली. थंडी ओसरत चालली होती, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. तिने पदर सावरला. "नेहमी एकलेच येता, पाव्हणे," ती म्हणाली. "पुढच्या वेळेस बाईले घेऊन या संगं."

"आणतो," शालिकराम म्हणाले, आणि फाटक लावून भिंतीआड उभे राहिले, तिचं जेवण होईपर्यंत.